इलियड आधी की कादंबरी आधी?

पत्र : आमच्या वाचनगटानं या वेळी ट्रॉयच्या युद्धावरची एक इंग्रजी कादंबरी घेतलीय. अकिलीसच्या छावणीत पकडून आणलेली ब्रिसेइस ती गोष्ट सांगते. मी साठाव्या पानावर अडकलेय. नावांचा गोंधळ होतो, मधूनच एक देवी समुद्रातून वर येते, आणि एका बाईवरून दोन मोठे योद्धे भांडतात ते मला निव्वळ पोरकट वाटतं. गटातली एक मैत्रीण म्हणते, ‘आधी इलियड वाच, त्याशिवाय काही कळायचं नाही.’ म्हणून फुकट मिळालं ते ई-बुक उतरवून घेतलं, तर त्यातली जहाजांची यादीच संपेना. शिवाय तिचं म्हणणं, कादंबरीत ‘मुळात नसलेलं’ बरंच घुसडलंय. पुराणकथा माहीत नसतील तर असली पुस्तकं वाचूच नयेत का? माहिती लागतेच, तर किती? आणि माझ्या बारा वर्षांच्या मुलाला ग्रीक देवांच्या कादंबऱ्या हव्या आहेत, त्या द्याव्यात का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नमस्कार. जहाजांच्या यादीत अडकलात यात तुमचं काही चुकलेलं नाही. इलियड म्हणजे ट्रॉयच्या युद्धावरचं ग्रीक कवी होमरचं महाकाव्य. त्याच्या दुसऱ्या सर्गात ग्रीकांच्या २९ तुकड्या, त्यांचे ४६ सरदार आणि ११८६ जहाजं गावांच्या नावांसकट मोजलेली आहेत. ज्या श्रोत्यांपुढे हे गायलं जायचं त्यांचे कान आपापल्या गावाच्या नावाकडे लागलेले असायचे. नाशिकमध्ये बसून वाचणाऱ्याला त्यातून काही मिळण्यासारखं नाही. तो भाग बिनदिक्कत ओलांडा.

मुद्द्याचं आधी सांगतो. पुराणकथेची माहिती असली तर कादंबरी जास्त कळते, यात वाद नाही. पण वाचायला बसण्याआधी लागते ती एका पोस्टकार्डावर मावेल एवढीच. उरलेली माहिती पुस्तक संपल्यावर घेतली तरच तिची खरी मजा येते. आणि जे आधी हवंच, ते म्हणजे त्या जगाचे चार नियम. ‘कथा’ त्यामानानं दुय्यम. तुम्ही अडलाय त्या नियमांपाशी. मैत्रिणीला वाटतं तशा कथेपाशी नव्हे.

आपल्याकडचंच बघा ना. ‘ययाति’ (१९५९) किंवा ‘मृत्युंजय’ (१९६७) हातात घेताना आधी भांडारकर संस्थेची महाभारताची प्रत काढून कुणी बसत नाही. लागतो तेवढा कथाभाग घरात, कीर्तनात, टीव्हीवर कानावर पडलेला असतो. ग्रीक कथांच्या बाबतीत तेवढा वारसा आपल्याला नाही, म्हणून ते कार्ड.

कार्ड असं करा. कागदाच्या डाव्या बाजूला ग्रीक छावणी : अ‍ॅगमेम्नॉन (सगळ्या फौजेचा प्रमुख, मायसीनीचा राजा), त्याचा भाऊ मेनेलॉस (स्पार्टाचा राजा, हेलनचा नवरा), अकिलीस, त्याचा जिवलग पॅट्रोक्लस, ओडिसियस, म्हातारा नेस्टर, थोरला एजॅक्स. उजव्या बाजूला तटाच्या आतले : राजा प्रायम, राणी हेक्युबा, त्यांचे मुलगे हेक्टर आणि पॅरिस, हेक्टरची बायको अँड्रोमाकी, आणि हेलन. मध्ये दोन बंदिवान स्त्रिया, क्रिसेइस आणि ब्रिसेइस. ही दोन नावं मुद्दाम एकाखाली एक लिहा, कारण गोंधळ बहुतेक इथेच होतो. तळाशी देव : हेरा, अथेना, पोसायडन ग्रीकांकडे, अपोलो, अफ्रोडाइटी, एरीस ट्रॉयकडे, झ्यूस वर, कधी इकडे कधी तिकडे. थेटिस वेगळी लिहा. समुद्रातून वर येणारी तुमची देवी ती हीच, अकिलीसची आई. तिला युद्धात कुणाची बाजू नाही, तिला फक्त मुलगा दिसतो.

कार्डाच्या मागे कथेचा सांगाडा. पॅरिस पाहुणा म्हणून मेनेलॉसच्या घरी उतरला आणि यजमानाच्या बायकोला घेऊन गेला. हेलनला मागणी घालायला आलेल्या सगळ्यांकडून लग्नाआधीच शपथ घेतलेली होती, की ती कुणालाही मिळो, पुढे तंटा झाला तर बाकीच्यांनी तिच्या नवऱ्याच्या पाठीशी उभं राहायचं. म्हणून एका घरचं भांडण सगळ्या ग्रीसचं झालं. वेढा दहा वर्षं चालला. दहाव्या वर्षी अकिलीस आणि अ‍ॅगमेम्नॉनचं बिनसलं, अकिलीस युद्धातून बाजूला झाला. त्याचं चिलखत घालून पॅट्रोक्लस लढायला गेला आणि हेक्टरच्या हातून मेला. अकिलीसनं हेक्टरला मारलं, पुढे पॅरिसच्या बाणानं स्वतः गेला. मग पोटात सैनिक लपवलेला लाकडी घोडा, आणि ट्रॉयची राखरांगोळी.

यात सगळा शेवट सांगून टाकला म्हणून रागावू नका. होमर स्वतःच हे करतो : पंधराव्या सर्गात झ्यूस सांगून मोकळा होतो की हेक्टर पॅट्रोक्लसला मारेल, अकिलीस हेक्टरला मारेल आणि नगर पडेल. पॅट्रोक्लस त्यानंतर मरतो सोळाव्यात, हेक्टर बाविसाव्यात. ट्रॉयवर लिहिणारा आजचा लेखकही वाचकाला हे ठाऊक आहे असं धरूनच लिहितो. पॅट्रोक्लस हसत हसत चिलखत घालतो त्या प्रसंगात जो काटा येतो, तो पुढचं ठाऊक असेल तरच. कर्णाचं चाक रुतणार हे माहीत नसलेला वाचक आपल्याकडे कुठे असतो? तरी ते पान आलं की हात थांबतोच.

आता नावं. लेखक एकाच माणसाला तीन नावांनी हाक मारतात. अकियन, आर्गाइव्ह, डॅनान हे तिन्ही ग्रीकच. इलियम म्हणजे ट्रॉय. पॅरिसचं दुसरं नाव अलेक्झांडर, आणि अकिलीसचा मुलगा कधी पिऱ्हस तर कधी निओप्टोलेमस. ‘एट्रियसचा पुत्र’ म्हटलं तर अ‍ॅगमेम्नॉनही असू शकतो, मेनेलॉसही. पार्थ, कौंतेय, धनंजय आणि सव्यसाची हे चौघं वेगवेगळे धरून महाभारतावरची कादंबरी वाचणाऱ्या परक्या माणसाचं जे होईल, ते तुमचं झालंय. उपाय सोपा आहे : नवं नाव दिसलं की लगेच शोधायला धावू नका. पेन्सिलीनं खूण करून पुढे जा. तेच नाव तिसऱ्यांदा आलं तर कार्डावर चढवा. एकदाच येणारं नाव बहुतेक वेळा मरण्यापुरतंच आलेलं असतं.

तुमच्या ई-बुकातही एक खोडा आहे. फुकट मिळणारं इलियड पुष्कळदा सॅम्युएल बटलरचं १८९८ सालचं गद्य भाषांतर असतं. भाषांतर वाचनीय आहे, पण त्यात ग्रीक नावांच्या जागी रोमन नावं आहेत : झ्यूसचा जोव्ह, हेराची जुनो, अथेनाची मिनर्व्हा, अफ्रोडाइटीची व्हीनस, ओडिसियसचा युलिसिस. कादंबरीत एक नाव आणि संदर्भाला उघडलेल्या पुस्तकात दुसरंच, मग गोंधळ होणार नाही तर काय. पहिलं पान उघडून बघा. ‘जोव्ह’ दिसला तर ते मिटा आणि ग्रीक नावं ठेवणारं भाषांतर घ्या. गद्य हवं असेल तर ई. व्ही. र्यू यांचं (१९५०), ओळीवार हवं असेल तर एमिली विल्सन यांचं (२०२३).

आता तुमच्या पोरकट भांडणाकडे येऊ. साठाव्या पानाची अडचण खरी इथं आहे.

इलियडचा पहिला सर्ग असा आहे. अपोलोच्या पुजाऱ्याची मुलगी क्रिसेइस लुटीत अ‍ॅगमेम्नॉनच्या वाट्याला आलेली. बाप भरपूर धन घेऊन तिला सोडवायला येतो. राजा त्याला दम देऊन हाकलून लावतो. पुजारी देवाला हाक मारतो आणि नऊ दिवस छावणीवर अपोलोचे बाण पडतात. आधी खेचरं आणि कुत्री मरतात, मग माणसं. म्हणजे साथ. दहाव्या दिवशी अकिलीस सभा बोलावतो. राजाला मुलगी परत करावी लागते. मग ‘सगळ्यांचा वाटा शाबूत आणि माझाच का जावा’ म्हणून तो अकिलीसच्या वाट्याची ब्रिसेइस उचलून नेतो.

हे प्रेमप्रकरण म्हणून वाचलं तर पोरकट वाटणारच. पण भांडण मानाचं आहे. लूट सगळ्या सैन्यासमोर वाटली जायची, आणि ज्यानं पराक्रम केला त्याला सैन्याच्या नावानं एक खास वाटा मिळायचा. त्या वाट्यावरूनच माणसाची किंमत ठरायची. पगार, पदवी, बिल्ला, सगळं तेच. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत मानाच्या पहिल्या गणपतीला रस्त्यात थांबवून भलतंच मंडळ पुढे काढलं तर काय होईल, ते डोळ्यांपुढे आणा आणि पुन्हा तो प्रसंग वाचा. दिलेला मान सगळ्यांदेखत काढून घेतला, म्हणून अकिलीस तलवारीला हात घालतो. त्याला आवरायला अथेनाला खाली यावं लागतं.

आणि तो ‘मान’ म्हणजे एक जिवंत बाई आहे, हे होमरच्या पुरुषांना खुपत नाही. तेविसाव्या सर्गात पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीनंतर खेळ होतात. कुस्तीतल्या विजेत्याला तिवई, किंमत बारा बैल. हरणाऱ्याला हातकामात तरबेज अशी एक स्त्री, किंमत चार बैल. हा भाव लक्षात ठेवून आता तुमची कादंबरी उघडा. ती चार बैलांची बाई तिथं बोलतेय. तुम्हाला ते भांडण हीन वाटलं ना? लेखिकेला बहुधा तेच हवंय. पण त्या पुरुषांच्या लेखी ते केवढं गंभीर होतं हे ठाऊक असेल, तर तुमच्या चिडीला धार येते.

असेच आणखी तीन नियम आहेत. पाहुणा आणि यजमान यांचं नातं झ्यूसच्या राखणीखाली असतं. पॅरिसचा मोठा गुन्हा तो आहे, नुसता बायको पळवल्याचा नाही. हे नातं केवढं पक्कं? सहाव्या सर्गात ट्रॉयच्या बाजूचा ग्लॉकस आणि ग्रीकांचा डायोमिडीस भर रणात समोरासमोर येतात, आपल्या आजोबांच्या वेळेपासून पाहुणचाराचं नातं आहे हे कळल्यावर लढायचं थांबवतात आणि चिलखतांची अदलाबदल करतात. शंभर बैलांचं सोन्याचं देऊन नऊ बैलांचं काशाचं घेतलं म्हणून होमर ग्लॉकसला वेड्यात काढतो, ते वेगळं.

दुसरा नियम शरण येण्याचा. गुडघे धरून, हनुवटीला हात लावून जो याचना करतो त्याला झिडकारणं म्हणजे झ्यूसचा रोष ओढवून घेणं. आपल्याकडे पाय धरण्याला जे वजन आहे तेच तिथं गुडघ्यांना. प्रायम शेवटच्या सर्गात अकिलीसचे गुडघे धरतो आणि ज्यांनी आपले मुलगे मारले त्या हातांचं चुंबन घेतो, तिथं हा नियम हाडामांसाचा होतो.

तिसरा मृतदेहाचा. अंत्यसंस्कार झाल्याशिवाय मेलेल्याला पाताळात प्रवेश नाही. तेविसाव्या सर्गात पॅट्रोक्लसचं भूत येऊन ‘मला लवकर अग्नी दे’ असं अकिलीसला विनवतं. प्रेताची विटंबना, प्रेतासाठी चाललेली तासन्‌तास लढाई, भुताच्या तोंडून सांगितलेलं कथानक, हे सगळं कादंबऱ्यांत या एका नियमावर उभं असतं.

एका बाबतीत मात्र सावध राहा. पुराणकथा माहीत असण्याचा तोटाही होतो, आणि तो आपल्यासारख्यांना जास्त होतो, कारण आपल्या डोक्यात एक भरभक्कम पुराण आधीच बसलेलं असतं. मराठी वाचक ट्रॉयच्या गोष्टीत नकळत धर्म-अधर्म शोधतो. कोणती बाजू न्यायाची? देव कुणाला शिक्षा करणार? तिथं हा प्रश्नच नाही. हेरा आणि अथेना ट्रॉयवर चिडल्यात कारण पॅरिसनं सौंदर्याच्या पैजेत दोघींना डावलून अफ्रोडाइटीला कौल दिला. बस्, एवढंच. झ्यूस म्हणजे विष्णू नव्हे. साधूंच्या रक्षणाला तो अवतार घेत नाही. सोळाव्या सर्गात त्याचा स्वतःचा मुलगा सार्पिडॉन मरणाच्या दारात असतो आणि वाचवण्याचा मोह झाला तरी तो वाचवत नाही. दैव ठरलेलं मोडलं तर बाकीचे देवही आपापल्या मुलांसाठी तेच करतील, असं हेरा त्याला बजावते.

मरणानंतरचंही तसंच. पुनर्जन्म नाही, मोक्ष नाही, वीरगतीला स्वर्ग नाही. ओडिसी या होमरच्या दुसऱ्या महाकाव्याच्या अकराव्या सर्गात मेलेला अकिलीस म्हणतो, सगळ्या मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा एखाद्या भूमिहीन माणसाकडे मजुरी केलेली परवडली. म्हणून त्या लोकांचा सगळा जीव कीर्तीत अडकलेला. नवव्या सर्गात अकिलीस स्वतः आपल्यापुढचे दोन रस्ते सांगतो : इथं लढलो तर लवकर मरेन आणि नाव राहील, घरी गेलो तर म्हातारा होऊन मरेन आणि नाव राहणार नाही. ‘आत्मा अमर आहे’ हे मनात ठेवून वाचलं तर या निवडीतली भीतीच निघून जाते.

‘अकिलीस म्हणजे त्यांचा कर्ण’ हेही वाचनगटांत हमखास ऐकू येतं. अकिलीसची आई देवी आणि बाप माणूस, कर्णाचा बाप देव आणि आई माणूस, दोघंही अजोड, दोघंही रुसलेले. म्हणून जोडी जुळवावीशी वाटते. पण कर्णाचा सल कुळाचा आहे, आणि अकिलीसच्या कुळावर कुणी बोट ठेवलेलं नाही. कर्ण ज्याच्याकडून लढतो त्याच्याशी अखेरपर्यंत इमान राखतो. अकिलीस आपल्याच पक्षाचा पराभव व्हावा म्हणून आईकरवी झ्यूसकडे मागणं मागतो. जोडी लावलीत की हे दिसायचं बंद होतं.

आता मैत्रिणीच्या ‘मुळात नाही’कडे. तिला विचारा, कोणत्या मुळात? इलियड दहाव्या वर्षातल्या काही आठवड्यांवर आहे आणि हेक्टरच्या अंत्यविधीपाशी संपतं. घोडा त्यात नाही; तो ओडिसीत आठवणीतून येतो आणि सविस्तर कळतो तो रोमन कवी व्हर्जिलकडून. अकिलीसचा मृत्यूही इलियडमध्ये नाही. त्याची ती प्रसिद्ध टाच, अंगावर घाव लागू शकेल अशी एकच जागा, होमरला माहीतच नाही. आईनं त्याला पाताळातल्या नदीत बुडवल्याचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या स्टेशियस या रोमन कवीकडे सापडतो. (गांधारीच्या नजरेनं दुर्योधनाचं अंग वज्राचं झालं आणि मांड्या तेवढ्या राहिल्या, ही गोष्टही व्यासांच्या महाभारतात नाही.) अकिलीस आणि पॅट्रोक्लस प्रियकर होते का, यावर होमर काही बोलत नाही. पण ग्रीक नाटककार एस्किलसनं इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात त्यांना तसं रंगवलं होतं, आणि प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’मध्ये या नात्यात थोरला कोण आणि धाकटा कोण यावर चर्चा आहे. तेव्हा आजच्या लेखकानं तसं लिहिलं तर ती काही आजची कल्पना नव्हे.

हेलनचंच घ्या. युरिपिडीस या ग्रीक नाटककाराच्या इसवी सनापूर्वी ४१२ मधल्या नाटकात ती ट्रॉयला गेलेलीच नाही. देवांनी तिच्यासारखी एक छाया बनवून पाठवली आणि खरी हेलन इजिप्तमध्ये सुखरूप राहिली. दहा वर्षं लोक एका सावलीसाठी मेले. अध्यात्म रामायणातली छायासीता ज्याला माहीत आहे त्या वाचकाला याचं नवल वाटू नये. रावणानं नेली ती खरी सीता नव्हेच, हे वाल्मीकींत नाही, तरी कितीतरी घरांत तेच रामायण आहे. वाल्मीकींची अहल्या शिळाही होत नाही. ती वारा खाऊन, राखेत पडून, कुणाला न दिसता आश्रमात राहते. लक्ष्मणरेषाही तिथं नाही. भांडारकर संस्थेनं १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून १२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली तेव्हा ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हा द्रौपदीच्या तोंडचा टोमणाही संहितेत उरला नाही. मयसभेत हसू झालं ते खरं, टोमणा मागाहूनचा.

म्हणून कादंबरीत काही वेगळं दिसलं की ‘चूक’ म्हणण्याआधी ते कोणत्या जातीचं आहे ते बघा. लेखकानं दुसरी जुनी परंपरा उचलली असेल. जुन्या ग्रंथानं मोकळी सोडलेली जागा भरली असेल. किंवा डोळसपणे उलटं केलं असेल, म्हणजे नायकाला खाटीक केलं, दासीला निवेदक केलं. हे तिन्ही त्याचे हक्क आहेत. चूक म्हणायची ती काळाची. प्रेताच्या तोंडात नाणं ठेवलेलं दिसलं तर ती चूक, कारण नाणी पुढे काही शतकांनी, आजच्या तुर्कस्तानातल्या लिडियात निघाली. टोमॅटो, मका, बटाटा ताटात दिसला तरी चूकच. हे सगळं अमेरिकेतलं. घोडेस्वारांचं दळ धावून गेलं तरी भुवया उंचावा. त्या काळात घोडे रथाला.

इतिहास मात्र जपून वापरा. ट्रॉय म्हणजे तुर्कस्तानातल्या चनाक्कलेजवळचं हिसार्लिकचं टेकाड, असं मानलं जातं. जर्मन उत्खनक श्लीमाननं १८७० च्या दशकात ते खणलं, आणि १८७३ मध्ये सापडलेलं सोनं प्रायमचं म्हणून जाहीर केलं, ते निघालं युद्धाच्या मानलेल्या काळाच्याही हजारभर वर्षं आधीचं. युद्ध झालंच असेल तर इसवी सनापूर्वी १२०० च्या आसपास, आणि होमरचं काव्य रचलं गेलं आठव्या शतकाच्या सुमाराला. त्यामुळे काव्यातच दोन काळ मिसळलेत. दहाव्या सर्गात ओडिसियस रानडुकराच्या सुळ्यांच्या चकत्या शिवलेलं शिरस्त्राण घालतो. तशी शिरस्त्राणं मायसीनी काळच्या थडग्यांत सापडली आहेत, होमरच्या काळात ती केव्हाच गेलेली होती. उलट होमर सगळ्यांना अग्नी देतो, तर मायसीनीचे लोक बहुतेक पुरायचे. एवढी खिचडी मुळातच असेल, तर कादंबरीकाराकडून काटेकोर इतिहासाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

पूर्वतयारी म्हणून सिनेमा मात्र बघू नका. २००४ चा ‘ट्रॉय’ अनेकांनी पाहिलेला असतो आणि तोच गटात संदर्भ म्हणून फिरतो. त्यात थेटिस सोडली तर देव दिसतच नाहीत. पॅट्रोक्लसला अकिलीसचा धाकटा चुलतभाऊ करून टाकलंय. मेनेलॉस हेक्टरच्या हातून मरतो आणि अ‍ॅगमेम्नॉन ट्रॉयमध्येच संपतो. परंपरेत मेनेलॉस हेलनला घेऊन स्पार्टाला परत जातो आणि सुखानं नांदतो, तर अ‍ॅगमेम्नॉनचा खून घरी परतल्यावर होतो. युद्धानंतर काय झालं हे सांगणारी कुठलीही कादंबरी त्या सिनेमाच्या भरवशावर वाचलीत तर पहिल्या प्रकरणातच ठेच लागेल.

आता वाचायचं कसं ते. कार्ड करायला अर्धा तास खूप झाला. मग कादंबरी साठाव्या पानावरून पुढे न नेता पहिल्यापासून धरा. आता ती साठ पानं भराभर जातील. मधे मोबाईलवर शोधाशोध नको. संपल्यावर इलियड काढा, पण सगळं नको. २४ पैकी सात सर्ग पुरेत : १, ६, ९, १६, १८, २२ आणि २४. मूळ ग्रीकच्या १५,६९३ ओळींपैकी हे सुमारे साडेचार हजार, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. सहाव्यात हेक्टर बायको-मुलाचा निरोप घेतो, नवव्यात अकिलीस मनधरणी धुडकावतो, अठराव्यात पॅट्रोक्लसची बातमी येते. सोळाव्यात आणि बाविसाव्यात लढाई आहे. कुणाचा भाला कुठून घुसला याची वर्णनं उडवलीत तरी चालतील.

तुमच्या पुस्तकासाठी यात एक तुकडा वाढवा : एकोणिसावा सर्ग, ओळ २८२ ते ३०२. (भाषांतरात ओळी थोड्या मागेपुढे होतात; गद्यात ओळींचे आकडे बहुधा समासात किंवा पानाच्या माथ्यावर असतात.) अख्ख्या इलियडमध्ये ब्रिसेइस बोलते ती फक्त इथं, जेमतेम चौदा ओळी. ती परत येते आणि समोर पॅट्रोक्लसचं प्रेत. ती सांगते, अकिलीसनं माझा नवरा मारला, तीन भाऊ त्याच दिवशी गेले, आणि तेव्हा ‘रडू नकोस, मी तुला अकिलीसची लग्नाची बायको करीन’ असं म्हणणारा हा एकटा होता. मग होमर एक वाक्य टाकतो : भोवतीच्या बायकाही रडल्या, निमित्त पॅट्रोक्लसचं, पण प्रत्येक जण आपापल्या दुःखासाठी. ब्रिसेइसच्या तोंडून सांगितलेली कादंबरी या एवढ्याशा जागेतून उगवते. कादंबरी आधी वाचून हा तुकडा मग वाचलात तर लेखिकेनं काय घेतलं, काय वाढवलं आणि ‘लग्नाची बायको करीन’ या दिलाशाचं काय केलं, ते ओळीओळीनं ताडता येईल. गटात चर्चेला हे एक पान आणा. मैत्रिणीलाही आवडेल.

सगळ्याच ऐतिहासिक अद्भुत कादंबऱ्यांना हा हिशोब लागू नाही, तेवढं लक्षात असू द्या. प्रकरणांच्या माथ्यावर सन दिलेले असतील, तर पुराणापेक्षा इतिहासाची चार वाक्यं उपयोगी. नेपोलियनच्या लढायांत ड्रॅगन आणले तर ट्रफाल्गरची आरमारी लढाई १८०५ मध्ये झाली आणि कोण जिंकलं एवढं हवं, नाहीतर लेखकानं काय बदललं ते कळणारच नाही. चौदाव्या शतकातल्या रशियाच्या कथेत घराचा राखणदार भूत लेखक स्वतः समजावून सांगतो, पण मॉस्को मंगोलांच्या गोल्डन होर्डला खंडणी भरत होतं हे तो गृहीत धरतो. उत्तर युरोपातल्या ओडिन-थॉर या देवांच्या कथांत वेगळाच घोळ : आइसलँड ख्रिस्ती झालं १००० च्या सुमाराला आणि तिथल्या स्नोरी या लेखकानं त्या कथा लिहिल्या १२२० च्या सुमाराला, म्हणजे ‘मूळ’ म्हणून जे आहे तेही ख्रिस्ती माणसाच्या हातचं. लोकी तिथं ओडिनचा रक्ताच्या शपथेचा भाऊ आहे. थॉरचा भाऊ तो अमेरिकी कॉमिकमध्ये झाला. आणि शिंगांची शिरस्त्राणं १८७६ च्या जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेरातल्या वेशभूषेतून आली.

मुलाला ग्रीक देव आजच्या अमेरिकेत आणणाऱ्या त्या लोकप्रिय मालिका खुशाल द्या. त्या वयासाठीच लिहिलेल्या आहेत, आणि तिथं पुराणकथा आधी माहीत असायची गरज नाही. मुलं ती त्यातूनच शिकतात आणि जेवताना आपल्याला ऐकवतात. देवांच्या बायका-पोरांचे प्रश्न तो विचारेल, तेव्हा झ्यूसच्या वागण्याची सारवासारव करू नका. तुमची ब्रिसेइसची कादंबरी मात्र त्याच्या हाती इतक्यात नको. त्या छावणीत बंदिवान बायकांचं काय होतं ते त्यात पडदा न ठेवता येतं. तोवर त्याला ओडिसीचा नववा सर्ग वाचून दाखवा : एकडोळ्या राक्षसाची गुहा, मेंढ्यांच्या पोटाला लटकून झालेली सुटका. सलग वाचलं तर तासाभरात होतो.